श्रावणात भरलेले फॉर्म

गावित सिस्टरांबद्दल शांतपणे लिहायचं म्हणून मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा उठले. शांतपणे जमत नाही. गोड गोड लिहिलेलं त्यांनाच आवडलं नसतं. "जयश्री, मी काय मेले का, एवढी साखर घालायला?" असं म्हणाल्या असत्या. तेव्हा डोकं तापलेलं आहे, तसंच लिहिते.

नाशकात गंगापूर रोडला आमचा दवाखाना आहे. आमचा म्हणजे सरांचा. सर हृदयाचे डॉक्टर. मी समोरच्या टेबलावर बसते, फोन घेते, पेशंटचे फॉर्म भरते. गावित सिस्टर तिथे अकरा वर्षं होत्या. सुरगाण्याकडच्या, कोकणा आदिवासी घरातल्या. ठेंगण्या, सावळ्या, चालताना चपला फटाफट वाजवणाऱ्या. त्यांनी सुई टोचली तर लहान पोरालाही कळायचं नाही, आणि त्या बोलल्या की चांगला धट्टाकट्टा माणूस रडकुंडीला यायचा. सर त्यांना घाबरायचे. सरांना विचाराल तर नाही म्हणतील, पण घाबरायचे.

आमच्या फॉर्मवर नाव, वय, तंबाखू, दारू अशी यादी आहे आणि त्याखाली 'मांसाहार : हो / नाही'. मी तो शब्द कधीच वाचत नसे. नुसतं विचारायचे, "खाता का?" आपल्याकडे एवढं पुरतं. काय खाता, हे सांगावं लागत नाही. भात खाता का, पोळी खाता का, असं कुणालाही वाटत नाही. समोरचा एकतर आवाज बारीक करून 'हो' म्हणतो, नाहीतर मान ताठ करून 'नाही' म्हणतो. मी खूण करून मोकळी.

मला नोकरीला लागून आठवडा झाला असेल. एका बाईंना मी असंच विचारलं, तर मागून सिस्टरांचा आवाज आला.

"काय गं, सोयरीक जमवायची आहे का हिच्याशी?"

मी दचकलेच. त्या बाईसुद्धा.

"खाता का, खाता का! अगं, काय खाता विचार, किती खाता विचार, आठवड्यातून किती वेळा, कशात तळता, चरबी काढता का ठेवता, ते विचार. हो-नाही लग्न ठरवताना विचारतात आणि घर भाड्याने देताना विचारतात. दवाखान्यात विचारून काय उपयोग?"

मी म्हटलं, "सिस्टर, फॉर्मवर तेवढीच जागा आहे."

"मग समासात लिही. समास काय तुझ्या सासरचा आहे?"

त्या दिवसापासून त्या माझ्या मागे लागल्या त्या लागल्याच. दुपारी फॉर्म तपासायच्या आणि नुसती खूण दिसली की टेबलावर आणून आपटायच्या. महिन्यातून एकदा वाटीभर खाणारा आणि रोज रात्री ढाब्यावर तर्री ओरपणारा, दोघांची खूण एकाच चौकोनात! हा काय प्रकार आहे? हे मला विचारत, जसा काही फॉर्म मीच छापला होता.

घर भाड्याने देण्याचं त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. दवाखान्याजवळ एक खोली मिळावी म्हणून त्या एकदा फिरल्या, मीही सोबत होते. तिसऱ्या की चौथ्या घरी बाईंनी चहा दिला, नोकरी विचारली, गाव विचारलं. सुरगाणा ऐकल्यावर चमचा थांबला. "एक विचारू का, राग नका मानू. तुम्ही खाता का?"

"खाते की," सिस्टर म्हणाल्या. "दोन वेळा. मधे भूक लागली तर चिवडा."

"तसं नव्हे हो..."

"मग कसं?"

बाईंना काही ते तोंडाने म्हणवेना. सिस्टरही हट्टाला पेटल्या, चहा संपेपर्यंत 'मग कसं, मग कसं' करत राहिल्या. खोली अर्थातच मिळाली नाही. शेवटपर्यंत त्या पेठ रोडवरून स्कूटीने येत राहिल्या. मला आजही त्या बिल्डिंगवरून जाताना संताप येतो. रक्त काढायला या बाईचा हात चालतो, पण भिंतींना तिच्या फोडणीचा वास चालत नाही.

पण कुणी म्हणेल, सिस्टर मटणाची बाजू घेणाऱ्या होत्या, तर तसंही नाही. त्यांना बाजूच मान्य नव्हती. एक शेठ यायचे, छातीत कळ येऊन गेलेली. आले की पहिलं वाक्य ठरलेलं : "आमच्या सात पिढ्यांत कुणी शिवलेलं नाही, मग मला कसं झालं?" जणू काही विम्याचे पैसे भरूनही कंपनीने फसवलं होतं.

सिस्टरांनी प्रेशरचा पट्टा बांधता बांधता विचारलं, "काका, काल सकाळी काय खाल्लं?"

"मिसळ. रविवार होता ना."

"आणि?"

"थोडी जिलेबी."

"चहात साखर किती? चालता किती?"

"गाडी आहे ना दाराशी."

"काका," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या हृदयाला तुमच्या सात पिढ्या माहीत नाहीत. त्याला सकाळचं तेल माहीत आहे." शेठ फुगून बसले. पण पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि ते सिस्टरांनाच आधी दाखवलं.

माझ्यावर त्या खऱ्या अर्थाने चिडल्या त्या एकदाच. पेठकडची एक म्हातारी आली होती, नातवाबरोबर. हाडं मोजून घ्यावीत अशी. ब्लडप्रेशर जास्त. सर आत म्हणाले असतील काहीतरी, मी बाहेर तिला चिठ्ठी देताना पोपटासारखं बोलून गेले, "आजी, आता नॉनव्हेज एकदम बंद हं."

सिस्टरांनी माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली. म्हातारीपाशी खाली बसल्या, तिच्याच बोलीत बराच वेळ काय काय विचारलं. मग उठल्या. "आठवड्याला एक अंडं खाते ती. पावसाळ्यात खेकडे मिळाले तर मिळाले. बाकी नागलीची भाकरी आणि मिरची. त्यातलं तेवढं एक बंद कर तू. शाबास! आता खाईल काय, तुझं डोकं? खारं सुकट कमी कर म्हणावं, मीठ कमी कर म्हणावं. अंडं कशाला काढतेस तिच्या तोंडातलं?"

मला रडू फुटलं. भरल्या दवाखान्यात कुणी बोललेलं मला सहन होत नाही. दुपारी त्यांनीच डबा माझ्यापुढे सरकवला आणि न विचारता सांगायला लागल्या.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या सुट्टीत गावी गेल्या होत्या. बापाचं प्रेशर मोजलं, जास्त निघालं. कॉलेजात जे ऐकलं होतं ते झाडून दिलं : "बा, आता मास-मच्छी बंद." बस. किती, कोणतं, किती दिवस, काही नाही. आणि बाप मुलीचा शब्द म्हणजे देवाचा शब्द मानणारा. पांढऱ्या कपड्यातली पोरगी सांगते म्हणजे बंद. त्याने मासे सोडले, कोंबडी सोडली, अंडं सोडलं, खेकडे सोडले. डाळ परवडायची नाही रोज. भात आणि तिखट एवढंच राहिलं. वर्षाने ही गेली तर बापाच्या दंडाची कातडी लोंबत होती. तिने विचारलं, बा, काही खात नाहीस का? तर म्हातारा हसून म्हणाला, "तूच सांगितलं ना, बंद म्हून. मी लय नेमानं पाळलंय." त्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला, आणि फाल्गुनात गेला.

"कशाने गेला ते मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "नर्स आहे मी, उगाच एकाला दुसरं नाही जोडणार. पण झगडायला अंगात काही ठेवलं नव्हतं त्याच्या. ते मी काढून घेतलं होतं. अर्ध्या वाक्यात."

मी डब्यातला भात खाली मान घालून खाल्ला. पण त्या बाईचा राग कुठून येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आता खऱ्या गोष्टीवर येते. अंबडच्या एका कारखान्याने सरांना शिबिर घ्यायला सांगितलं. त्यांचे कामगार आणि त्यांना माल पुरवणारी छोटी वर्कशॉपं, सगळ्यांची हृदयतपासणी. फॉर्म भरायचे, प्रत्येक उत्तराला गुण, गुण जास्त झाले तर दुसऱ्या फेरीत ट्रेडमिलवर पळवायचं. पहिल्या फेरीला सिस्टर नव्हत्या, पुतणीच्या लग्नाच्या बोलणीला गावी गेल्या होत्या. फॉर्म मी आणि आणखी एका मुलीने भरले.

माझ्या रांगेत माझा सख्खा मोठा भाऊ होता. दादाचं अंबडला लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. दादा म्हणजे मटण, मटण म्हणजे दादा. बुधवार, शुक्रवार, रविवार घरी, बाकी दिवशी कुणी ना कुणी मित्र ढाब्यावर ओढतोच. वजडी, म्हणजे बोकडाची आतडी, त्याचा जीव की प्राण. रश्श्यावर चरबीचा तवंग नसेल तर वहिनीला विचारणार, "हे काय, वरण केलंस का?" मटणाने ताकद येते, यावर त्याची आईवर असते तशी श्रद्धा.

आणि मी, त्याची बहीण, त्याला विचारते, "खाता का?" मुद्दाम, गंमत म्हणून, अहो-जाहो करून.

दादा हसला. "अगं, श्रावण लागला की परवा. सोडलंय. नाही लिही."

मी नाही लिहिलं. मलाही हसूच येत होतं. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

सिस्टर परत आल्या, फॉर्मचा गठ्ठा चाळायला बसल्या. पाच मिनिटांत चपला वाजवत आल्या. "काय गं, कुंभमेळा अंबडला हलवला का यंदा?"

"म्हणजे?"

"एवढे साधू कुठून आले? सगळे नाही, नाही, नाही! अंबडला? कधी घेतलं शिबिर?" मी तारीख सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! श्रावणात! नाशकात श्रावणात कोण हो म्हणेल? चार दिवस आधी गटारीला विचारलं असतंत, तर ताटासकट आले असते!"

त्या तशाच सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. सर म्हणाले, "लोक खोटं बोलतात सिस्टर, त्याला आपण काय करणार?"

"कुणी खोटं बोललेलं नाही सर. श्रावणात ते खात नाहीत, खरंच सांगितलं त्यांनी. प्रश्न आपला चुकला. अकरा महिन्यांचं खाणं सोडून आपण एका महिन्याचं लिहून आणलं. आणि तेवढ्या गुणांवरून दुसऱ्या फेरीची यादी काढली. जे काठावर होते ते सुटले. पुन्हा विचारू या."

"रिपोर्ट गेला कंपनीला. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत सगळे थांबतील का?"

सर फोनवर बोलायला लागले. म्हणजे फोन आला नव्हता, त्यांनीच लावला.

सिस्टर माझ्याकडे आल्या. "काठावरच्यांची यादी काढ. नावं, नंबर." दवाखान्याबाहेर कागद न्यायचा नाही, हा नियम मला पाठ होता. मी यादी काढली, कारण काढताना त्यात दादाचं नाव दिसलं. एका गुणाने सुटला होता. माझ्या हातच्या एका खुणेने. मी झेरॉक्स मारली आणि त्यांच्या पर्समध्ये घातली.

ड्युटी संपल्यावर रोज संध्याकाळी त्या घरून फोन करायच्या. श्रावण सोडून बोला, म्हणायच्या. किती, कितीदा, कसलं, तळलेलं का शिजवलेलं, ते पाकिटातलं सॉसेज वगैरे आणता का, जिना चढताना धाप लागते का. काही जण नीट बोलले, तपासून घ्यायला आलेही. काहींनी शिव्या दिल्या. दादाने काय केलं? दादा हसला. "सिस्टर, लोखंड पचवतो मी," म्हणाला आणि फोन ठेवला.

गणपती गेल्यावर त्या थेट त्याच्या वर्कशॉपवर. हे मला दादानेच नंतर सांगितलं. जेवणाची सुट्टी, दादाने डबा उघडलेला, महिनाभराची कसर काढायला वहिनीने काळ्या मसाल्यात भरपूर केलेलं. सिस्टर त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि आठवडा मोजायला लावला. सोमवार? मंगळवार? दादा बोटं मोजत गेला, एका हाताची संपली. पोरं फिदीफिदी हसत होती.

"आणि धाप?"

"छे!"

तेव्हा लेथवरचा एक जुना कारागीर म्हणाला, "शेठ, परवा सळई उचलताना खाली बसलात की. घाम किती आला होता."

दादाचं हसू गेलं. सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "उठा," म्हणाल्या. आणि त्या ठेंगण्या बाईने त्या सहा फुटी माणसाला स्कूटीच्या मागे बसवून दवाखान्यात आणलं.

ट्रेडमिलवर तो तीन मिनिटंसुद्धा टिकला नाही. दोन दिवसांनी दोन नळ्यांमध्ये स्टेंट टाकले. थोडक्यात वाचला, असं ज्यांनी टाकले ते म्हणाले. मला वाटलं सिस्टर म्हणतील, बघ, मटणाने झालं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "तंबाखू आहे, झोप नाही, साखर बॉर्डरवर आहे, तुमच्या वडिलांनाही होतं. मटण त्यातलं एक. पण रोजचं आणि चरबीचं, म्हणजे थोडं नाही. आता मूठभर, महिन्यातून दोनदा, चरबी काढून. मासे चालतील, तळून नाही. उसळ रोज."

"आणि वजडी?" दादाने पलंगावरून विचारलं.

"वजडीचं नाव काढलंत तर मी स्वतः येऊन स्टेंट काढून नेईन."

दादाने ऐकलं. दादाने! आयुष्यात आईचं, बायकोचं, माझं न ऐकलेला माणूस सकाळी गोदापार्कला चालायला जायला लागला.

आणि मग ते झालं. कंपनीतल्या कुणीतरी तक्रार केली होती. दवाखान्यातली बाई घरी फोन करून 'खाता का' विचारते, आमची जात काढते का ती, असं. बघा आता! बाकी सगळं आयुष्य हाच प्रश्न जात काढायला वापरायचा, आणि एका बाईने तो पहिल्यांदा तब्येतीसाठी विचारला, तर तिने जात काढली! आणि कुणी काढली म्हणे? गावित सिस्टरांनी! हसावं का रडावं कळेना.

सकाळी सरांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. "ही यादी बाहेर कशी गेली?"

माझ्या दोन्ही मुलांच्या शाळेची फी, घराचा हप्ता, सगळं डोळ्यासमोर आलं. एक वाक्य होतं, 'सर, मी दिली.' चार शब्दसुद्धा नाहीत.

"मी घेतली. कपाटातून," सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

"लेखी माफी द्या, विषय संपवू."

"उरलेल्यांना तपासायला बोलवा, लगेच देते."

"सिस्टर, हट्ट सोडा."

"माणसं आहेत सर यादीत."

सर म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. अकरा वर्षं. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी, एसीचं तापमान सांगावं तसं सांगितलं. आणि आम्ही सात जण फरशीकडे बघत उभे. मी त्यातली एक. ज्या बाईने माझ्या भावाला ओढून आणला तिच्यासाठी मला तोंड उघडता आलं नाही. याचा राग मी सरांवर काढते, कंपनीवर काढते, नवऱ्यावर काढते. कुणावरही काढला तरी तो उरतोच.

सिस्टरांनी कपाटातून आपली चप्पल, छत्री, एक स्टीलचा पेला घेतला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. पर्समधून ती झेरॉक्स काढली, पुढ्यात ठेवली. "ज्यांच्यापुढे खूण आहे त्यांचं झालंय. खूण नाही त्यांना तू कर फोन."

मी मान हलवली. त्या गेल्या. मी यादी ड्रॉवरमध्ये सरकवली. ती अजून तिथेच आहे, आणि खूण नसलेली नावंही तेवढीच आहेत.

त्या दिवशी ड्रॉवर बंद करते तेवढ्यात फोन वाजला. दादा. आवाजातूनच हसू सांडत होतं. "जयू, सगळे रिपोर्ट चांगले आलेत गं. डॉक्टर म्हणाले, मशीन सुरू करा. आधी सिस्टरांना सांगायचं होतं. दे ना त्यांना फोन."

काचेतून त्या दिसत होत्या. रस्त्यापलीकडे स्कूटी सुरू होत नव्हती, छत्री काखेत धरून किक मारत होत्या. पळत गेले असते तर गाठता आलं असतं.

"दे ना," दादा म्हणाला. "त्यांच्यामुळे आहे मी."

"सिस्टर कामात आहेत," मी म्हणाले.